खिशातला उजेड : विजेरीच्या इतिहासातील काही पाने

मराठीत दिवा लावतात आणि बॅटरी मारतात. या दोन क्रियापदांतील अंतराकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दिव्याच्या भोवती लावणे, उजळणे, तेवणे, मालवणे, शांत करणे अशी क्रियापदांची एक जुनी आणि बरीचशी भाविक परंपरा आहे. विजेरीच्या वाट्याला मात्र दगड, गोळी, शिट्टी यांच्या पंगतीतले 'मारणे' आले. 'विजेरी' हा शब्द देखणा आहे, पाठ्यपुस्तकांनी तो जपलाही आहे. पण खेड्यापाड्यांतून ही वस्तू 'बॅटरी' या नावानेच ओळखली जाते आणि तिच्या पोटातली खरी बॅटरी 'सेल' होऊन बसते. लक्षणेचे उदाहरण विद्यार्थ्यांना द्यायचे झाल्यास काव्यशास्त्राच्या ग्रंथापर्यंत जाण्याची गरज नाही. 'मारणे' हे क्रियापदही उगाच आलेले नाही. दिवा आपल्या भोवती उजेड पसरवतो, विजेरी तो समोरच्यावर फेकते. दिव्याच्या उजेडात धरणारा आणि पाहिला जाणारा दोघेही दिसतात. विजेरीच्या झोतात धरणारा स्वतः अंधारात राहतो. वस्तूचा स्वभाव बोलणाऱ्यांनी नेमका ओळखला, असेच म्हणावे लागेल.

विजेरीपूर्वी रात्री उजेड घेऊन चालणे हे बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी काम असे. आपल्याकडे मशालजी होते, दिवटी धरणारे होते. लंडनमध्ये गॅसचे दिवे येण्यापूर्वी काही नाण्यांच्या बदल्यात वाटसरूंपुढे पलिता घेऊन चालणारी पोरे होती. उजेड धरणारा एक आणि त्या उजेडात चालणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. ज्याला माणूस परवडत नसे तो कंदील घेई किंवा अंधारातच चाले. कंदील हातात आला तरी त्याची ज्योत वाऱ्याला भिई, तेल सांडे, काच काजळे आणि तो खिशात ठेवण्याचा तर प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी रहस्यकथांत झाकणी सरकवून उजेड लपवता येणारा कंदील वारंवार भेटतो. पोलीस आणि चोर दोघेही तो वापरीत. विजेरीची कल्पना त्या झाकणीत दडलेली आहे : हवा तेव्हा उजेड, नको तेव्हा अंधार, आणि दोन्ही एका अंगठ्याच्या सत्तेत.

ही सत्ता विजेकडे यायला एक अगदी साधी अडचण आड येत होती. फ्रान्समधील जॉर्ज लक्लांशे याने १८६६ मध्ये तयार केलेला विद्युत घट काचेच्या बरणीत, नवसागराच्या द्रावणात उभा असे. तो तारयंत्राच्या टेबलावर शोभला तरी आडवा केला की सांडणार. जर्मनीतील माइन्त्स येथील डॉक्टर कार्ल गासनर याने १८८६ साली यावर तोडगा काढला. त्याने नवसागराचे द्रावण प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवून घट्ट केले आणि जस्ताच्या सळईऐवजी जस्ताचे भांडेच वापरले. कोरडा घट तो हाच. तो कसाही धरा, उलटा करा, खिशात घाला. दहा वर्षांनी, १८९६ मध्ये, अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या नॅशनल कार्बन कंपनीने असे घट मोठ्या प्रमाणावर विकायला आरंभ केला. जस्ताचे भांडे हेच इंधनही असल्यामुळे घट वापरता वापरता स्वतःलाच आतून खात जातो. विजेरीत विसरलेला जुना सेल पाझरून स्प्रिंग गंजवतो, त्याचे मूळ गासनरच्या या चातुर्यात आहे.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिझेल या इंग्रज संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी एका 'विद्युत उपकरणा'चे पेटंट मिळाले. नळीत एकामागे एक ठेवलेले घट, पुढे छोटा दिवा, त्याच्यामागे परावर्तक. आजची विजेरी उघडून पाहिली तर मांडणी तीच दिसते. हे पेटंट कॉनराड ह्यूबर्ट याच्या कंपनीच्या नावे होते. ह्यूबर्ट हा मिन्स्ककडून आलेला ज्यू स्थलांतरित. त्याचे मूळचे नाव अकिबा होरोविट्झ. त्याने आपल्या काही नळ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिल्या आणि त्यांनी दिलेली प्रशस्तिपत्रे जाहिरातीला वापरली. या वस्तूचे पहिले नामवंत ग्राहक पोलीस असावेत, हे तिच्या झोताच्या स्वभावाशी सुसंगतच आहे. ह्यूबर्टच्या कंपनीचे 'एव्हर रेडी' हे नाव पुढे जगभर गेले. १९२८ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेचा मोठा भाग धर्मादाय कामांना गेला.

अमेरिकन इंग्रजीत या वस्तूला 'फ्लॅशलाइट', म्हणजे क्षणभर चमकणारा उजेड, असे नाव पडले. ते अलंकारिक नव्हते. कार्बनच्या तंतूचा दिवा वीज भरमसाट खाई आणि कोरडा घट ती सलग पुरवू शकत नसे. वीज वाहू लागली की कार्बनच्या कांडीभोवती हायड्रोजन साचतो, मँगनीज डायऑक्साइड तो सावकाश शोषून घेतो; त्यासाठी घटाला विसावा द्यावा लागतो. म्हणून बटण क्षणभर दाबायचे, जिना पाहून घ्यायचा, सोडायचे, पुन्हा दाबायचे. ब्रिटिशांनी मात्र 'टॉर्च' हा मशालीचा जुना शब्द या वस्तूला दिला आणि आपल्याकडे तोच आला. अमेरिकन नावात यंत्राची मर्यादा नोंदली गेली, ब्रिटिश नावात पूर्वजाची आठवण. १९१० मध्ये विल्यम कूलिज याने टंगस्टनची लवचिक तार काढण्यात यश मिळवले, तिचे तंतू दिव्यात आले आणि चमक हळूहळू झोतात बदलली. नाव मात्र चमकेचेच राहिले. या नावाकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

विजेरी ही नागरिकाच्या खिशातील नित्याची वस्तू बनली ती दुसऱ्या महायुद्धात. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये दिवेबंदी लागू झाली आणि रस्त्यांवर अपघात वाढले. लोकांना विजेरी बाळगण्याची मुभा होती, पण काचेवर पातळ पांढऱ्या कागदाचे दोन थर लावून आणि झोत जमिनीकडे ठेवून. छोट्या विजेरीला लागणाऱ्या 'आठ क्रमांका'च्या बॅटरीचा तेव्हा इतका तुटवडा पडला की ती मिळणे हीच बातमी ठरे. मंद, पसरट, खाली वळवलेल्या उजेडावर एक अख्खा देश वर्षानुवर्षे चालला, ही गोष्ट आजच्या प्रखरतेच्या शर्यतीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतात एव्हरेडीच्या बॅटऱ्या विसाव्या शतकाच्या आरंभी आयात होऊन आल्या. १९३४ मध्ये कलकत्त्यात कंपनी स्थापन झाली, १९३९ मध्ये तेथे बॅटरीचा कारखाना निघाला, १९५८ मध्ये लखनौला विजेरीचा. ग्रामीण महाराष्ट्रातील दोन-तीन सेलची, कड्याच्या नक्षीची लांबट धातूची विजेरी या परंपरेतली. ती उशाशी असे, प्रसंगी दंडुक्याचेही काम करी आणि लग्नात जावयाला देण्याइतकी मानाची होती. १९५९ पासून या कंपनीचे नाव युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड असे होते. भोपाळचा कीटकनाशकांचा कारखाना याच कंपनीचा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री तेथून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर देशभर बॅटऱ्यांवर बहिष्काराची हाक दिली गेली. पुढे १९९४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपनीतील आपला हिस्सा विकला आणि बॅटरीचा व्यवसाय एव्हरेडी इंडस्ट्रीज या नावाने चालू राहिला. एका देशाच्या खेड्याखेड्यांत उजेड विकणाऱ्या कंपनीचे नाव त्याच देशातील सर्वांत काळ्या रात्रीशी जोडले जावे, यावर रूपके रचणे सोपे आहे. आम्ही तो मोह टाळतो. वस्तूचा इतिहास लिहिताना उत्पादकाचा इतिहास वगळता येत नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

आजच्या खिशातल्या विजेरीचा जन्म जपानमधील तोकुशिमा प्रांतातला. निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा याने १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. त्याला आणि इसामु आकासाकी व हिरोशी आमानो यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळे प्रकाश देणारे स्फुरद्रव्य चढवले की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. तापून प्रकाशणाऱ्या तारेत विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जाई. एलईडीने ते गणितच पालटले. १९९१ पासून सोनीने बाजारात आणलेली लिथियम आयन बॅटरी जोडीला आली आणि बोटाएवढ्या नळीत पूर्वीच्या पाच सेलच्या दांडक्याला लाजवील एवढा उजेड मावू लागला. मध्ये, २००३ साली, नोकियाच्या ११०० या फोनने माथ्यावर इवलासा दिवा बसवून भारतात मोठी लोकप्रियता मिळवली आणि स्वतंत्र विजेरीची गरज काय, हा प्रश्न उभा राहिला. तो अद्याप विचारला जातो. त्याचे उत्तर फोनच्याच रचनेत आहे. फोनच्या दिव्याला परावर्तक नसतो, म्हणून त्याचा उजेड पसरतो, पोचत नाही. आणि रानात फोनची बॅटरी उजेडावर संपली तर मदत मागण्याचे साधनही संपते.

आता निवडीकडे येऊ. दुकानात खोक्यावर पहिला दिसतो तो लुमेनचा आकडा. लुमेन म्हणजे विजेरीतून सर्व बाजूंनी मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर जाईल हे कँडेलावर, म्हणजे झोताच्या मध्यातील तीव्रतेवर ठरते. २००९ मध्ये अमेरिकेत विजेऱ्यांसाठी 'एफएल १' हे मानक आले, त्याचा नियम असा : जेथे प्रकाश पाव लक्स, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो ते झोताचे अंतर. त्यामुळे २,५०० कँडेलाची विजेरी १०० मीटर जाते आणि २०० मीटर जायला दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १०,००० कँडेला लागतात. चांदण्याला मोजपट्टी करणारे हे मानक कोणा रसिकाने लिहिले असावे, अशी शंका येते. परंतु त्याच मानकात एक पळवाटही आहे. प्रखरता मोजायची ती विजेरी लावल्यानंतर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान. आणि बॅटरी किती काळ पुरते हे सांगायचे ते प्रकाश मूळच्या एकदशांशावर येईपर्यंतचे. म्हणजे १,००० लुमेन आणि दोन तास हे दोन्ही आकडे खरे असू शकतात, मात्र एकत्र नव्हे. बोटाएवढ्या नळीत १,००० लुमेन पेटवले की ती हाताला चटका देण्याइतकी तापते, आतले नियंत्रक यंत्र मिनिटा-दोन मिनिटांत उजेड खाली आणते. १८९९ मध्ये घट थके म्हणून उजेड क्षणिक होता, आज नळी तापते म्हणून. लहान आणि प्रखर या दोन विशेषणांची जोडी अजूनही चमकेवरच संपते, आणि अमेरिकन नाव पुन्हा एकदा खरे ठरते.

म्हणून रोज खिशात बाळगायच्या विजेरीत सर्वांत मोठा आकडा पाहू नये, असे आमचे मत आहे. न तापता तासभर टिकणारे १०० ते १५० लुमेन पायवाटेला, जिन्याला, वसतिगृहाच्या आवाराला पुरेसे आहेत. त्याहून महत्त्वाची तिची सर्वांत मंद पायरी. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो आणि तो सराव एका प्रखर झोतात मोडतो. मध्यरात्री घड्याळ पाहायला एक लुमेनही पुष्कळ होतो. विजेरी मंद पायरीवरच सुरू व्हावी आणि खिशात आपोआप पेटू नये. सेल असा हवा की तालुक्याच्या बाजारात मिळेल : पुन्हा भारित होणारा साधा एए सेल आणि अडचणीत त्याच मापाचा कोणताही. १८६५० या जातीचा लिथियम सेल अधिक ताकदवान खरा, पण तो अडगावी मिळत नाही आणि बनावट निघाला तर धोकादायकही असतो. शेवटचा मुद्दा रंगाचा. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात तपकिरी, तांबडे, वाळक्या पानाचे रंग एकमेकांत मिसळतात. रंग ओळखू देणारी, नव्वदच्या वर रंगनिर्देशांक असलेली विजेरी थोडी कमी प्रखर असली तरी पत्करावी.

हा रंगाचा आग्रह हौशी वाटेल, पण तसा तो नाही. महाराष्ट्रात कृषिपंपांना आठवड्यातील काही दिवस रात्री वीज देण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. रात्री पाणी आले की रात्रीच दारे धरायला जावे लागते. मण्यार प्रामुख्याने रात्री हिंडते, घोणस आणि फुरसेही अंधारात बाहेर पडतात, आणि फुरशाचा रंग मातीचा असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, सरासरी वर्षाला ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या घरची माणसे अशाच रात्री वाफ्यात उभी असतात.

त्यांच्यासाठी विजेरी निवडायची तर निकष थोडे बदलतात. दारे धरणाऱ्याचे दोन्ही हात फावड्याला गुंतलेले असतात. मग विजेरी काखेत धरली जाते किंवा दातांत, आणि झोत पायांवर न पडता भलतीकडेच पडतो. अशा वेळी कपाळाच्या पट्ट्यावर बसणारी किंवा काटकोनात वळलेली, खिशाच्या कडेला चिमट्याने अडकणारी, पाण्यात पडली तरी चालणारी विजेरी घ्यावी. झोत लांब जाणारा नको, पावलापुढचे आठ-दहा हात स्वच्छ दाखवणारा पसरट हवा. आणि पायांत गमबूट.