लष्करी कक्षातून नागरी सेवेकडे
अमेरिकी हवाई दलाने १९६० च्या दशकात उभारलेल्या ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांजवळून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या, हवामान उपग्रहांना आज्ञा पाठवणे आणि दूरमापनाने, म्हणजे त्यांनी पाठवलेल्या संकेतांवरून, त्यांची स्थिती पारखणे हे काम दीर्घकाळ लष्करी तुकड्यांकडे होते. शीतयुद्धोत्तर काळात लष्करी व नागरी अशा दोन समांतर यंत्रणांचा खर्च अनाठायी वाटू लागला आणि १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांच्या एकत्रीकरणाचा आदेश दिला. त्यानुसार १९९८ मध्ये संचालनाची मुख्य जबाबदारी मेरीलँडमधील सूटलंड येथे ‘नोआ’ या नागरी हवामान व महासागर संस्थेच्या नियंत्रण कक्षाकडे आली. उपग्रह संरक्षण खात्याचेच राहिले, मात्र त्यांचे नियंत्रण नागरी हाती गेले. अहोरात्र दक्षता व काटेकोर कार्यपद्धती ही मूल्ये गणवेशावर अवलंबून नसतात, याची ही मोलाची ऐतिहासिक साक्ष आहे.