क्रॉफर्डसाहेबांचा खर्च

कडोदऱ्यास बसून सुरत महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकावरील वाद वाचताना मला मुंबईचा जुना तंटा आठवतो. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. रस्ते, गटारे, मंडई उभी राहिली. पण कापसाची तेजी ओसरली, तिजोरी आटली. जस्टिसांच्या सभेस खर्च आवरेना. १८७१ साली करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहतांनी मात्र क्रॉफर्डची बाजू घेऊन दोष सभेच्या रचनेस दिला व करदात्यांनी निवडलेले सभासद मागितले. लोकांस ते मुळीच रुचले नाही! तरी १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. हेच क्रॉफर्ड १८८८ साली लाचेच्या आरोपांत सापडले, तेव्हा टिळक उभे राहिले ते लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांसाठी.