ओव्हरटाइमचा मोबदला दुप्पट, पण कशाच्या?

ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राबणाऱ्या कामगाराला त्या वाढीव तासांचे वेतन दुप्पट दराने मिळावे, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमात होते. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढे काम झाल्यास हा दर लागू होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतील वेतन संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता या दोहोंतही दुप्पट दर कायम आहे. मात्र ही दुप्पट कोणत्या रकमेवर मोजायची, यावरच कामगाराच्या हाती पडणारे पैसे अवलंबून असतात.

जुन्या अधिनियमानुसार मूळ वेतन आणि कामगाराला देय असलेले भत्ते मिळून सर्वसाधारण दर ठरे; बोनस आणि ओव्हरटाइमची रक्कम तेवढी वगळली जाई. नव्या संहितांच्या व्याख्येनुसार वेतनात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता यांचा समावेश होतो. घरभाडे व प्रवास भत्ता त्यात धरला जात नाही. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनातच मिळवावी लागते.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कामगाराला दरमहा २०,८०० रुपये मिळतात. त्यांपैकी १०,४०० रुपये मूळ वेतन व महागाई भत्त्याचे, तर उरलेले घरभाडे आणि प्रवास भत्त्याचे आहेत. महिन्याचे २६ दिवस व दिवसाचे आठ तास धरल्यास संपूर्ण रकमेवर तासाचा दर १०० रुपये आणि ओव्हरटाइमचा दर २०० रुपये होतो. केवळ १०,४०० रुपये आधार धरल्यास दुप्पट होऊनही तासाला १०० रुपयेच पडतात. म्हणजे कागदावरची दुप्पट प्रत्यक्षात नेहमीच्या कमाईइतकीच ठरते.

दुप्पट दर टाळण्याचा प्रयत्न यापूर्वी न्यायालयात टिकला नाही. करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांच्या पाळीची आणि वाढीव तासांना साध्याच दराने वेतन देण्याची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम देण्याचा आदेश दिला.

सुरक्षा संहितेनुसार ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती आवश्यक आहे. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या संहितेच्या 'कामगार' व्याख्येत येत नाहीत. साप्ताहिक सुटीच्या दिवशी काम केल्यास मिळणारी बदली सुटी ही स्वतंत्र तरतूद असून, ती दुप्पट वेतनाला पर्याय नाही.

वेतन कमी मिळाल्यास कामगाराला किंवा नोंदणीकृत संघटनेला तीन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करता येतो. रक्कम दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तरीही कामगाराने वेतनचिठ्ठी जपून ठेवणे आणि वाढीव तासांची तारीखवार नोंद ठेवणे हिताचे ठरते. कारण वाद बहुधा दराइतकाच तासांवरूनही होतो.