दूरमापकाच्या कारखान्यातली गॅरार्ड

झाशीला बदली झाली तेव्हा ट्रंका नंतर उघडल्या, आधी आजोबांचा गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअर बाहेर काढला. तीस वर्षं बंद. सोबत रहिमत खाँसाहेबांची एक लाखेची तबकडी.

मी तोफखान्यातला, म्हणून या यंत्राची जन्मकथा मला जवळची वाटते. गॅरार्ड हे त्या काळी लंडनचे राजघराण्याचे जवाहिरे होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्यांनी ब्रिटिश तोफखान्यासाठी दूरमापक बनवायला वेगळी कंपनी काढली. युद्ध संपलं, दूरमापकांची मागणी आटली आणि तेच कसबी हात ग्रामोफोनच्या स्प्रिंग मोटारींकडे वळले. अंतर अचूक मोजणारा कारखाना फिरणं अचूक ठेवू लागला.

खाँसाहेब ग्वाल्हेरचे, हद्दू खाँचे चिरंजीव. ग्वाल्हेर इथून शंभर किलोमीटर. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे त्यांना दक्षिणेत घेऊन आले, आणि १९२२ साली ते कुरुंदवाडला वारले. आमचे आजोबा कुरुंदवाडचे. त्यांनी पोरवयात खाँसाहेबांना ऐकलं होतं. तबकडी लावली की ते दरवेळी म्हणत, "हा आवाज त्यांचा नव्हे रे. पातळ लागतोय."

आम्ही हसायचो. म्हाताऱ्या माणसाची आठवण, दुसरं काय!

इथे दुरुस्ती सुरू केली. या यंत्रात मोटारीचा दांडा एका रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक तबकाच्या आतल्या कडेला. वर्षानुवर्षं दाबून राहिल्याने रबर कडक होऊन एका जागी चपटं झालं होतं, म्हणून दर फेऱ्याला धप्प असा आवाज. नवं रबर बसवलं, बेअरिंग धुऊन ताजं तेल घातलं. मग सुई बदलली. एलपीची सुई साधारण ०.०२५ मिलिमीटरची, जुन्या तबकडीच्या रुंद खाचेला ०.०७५ ची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन धूळच वाजवते. शेवटी ॲम्प्लिफायरमधली एलपीसाठीची खर्ज-तीव्र दुरुस्ती बंद केली, कारण खाँसाहेबांच्या काळात, १९२५ पूर्वी, मायक्रोफोनच नव्हता. गायक भोंग्यात गात.

खरखर कमी झाली. पण आवाज पातळच.

मग लक्षात आलं. त्या काळच्या तबकड्यांवर ७८ फेऱ्यांचा नियम सगळीकडे पाळला जात नसे. कोणी ७४ ला मुद्रित करी, कोणी ८० ला. ७४ ची तबकडी ७८ ने वाजवली तर आवाज जवळजवळ अर्धा सूर चढतो. म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातोय असं वाटतं, आणि तानाही घाईच्या होतात.

सदर बाजारात ओळख झालेल्या एका निवृत्त ईएमई सुभेदारसाहेबांनी मोटारीला ५० ऐवजी सुमारे साडेसत्तेचाळीस हर्ट्झचा पुरवठा करणारं छोटं यंत्र जोडून दिलं. ७८ चे ७४ झाले. तबकडी लावली. आवाजाला अंग आलं, श्वास घेण्याच्या जागा माणसाच्या वाटल्या.

हाच खरा वेग, असा दावा मी करणार नाही. ७५ असेल, ७३ असेल. त्या मैफलीतला तंबोरा ऐकलेला साक्षीदार आता उरलेला नाही. जो एक होता, त्याच्यावर आम्ही हसत होतो.

तोफखान्यात पहिला गोळा चुकला तर निरीक्षकाचं ऐकून दुरुस्ती करतात, त्याला वेड्यात काढत नाहीत. जुनी यंत्रं सुधारायला निघालेल्यांना म्हणूनच सांगतो: महागडी कार्ट्रिज नंतर घ्या. आधी वेग तपासा, आणि घरात कोणी "असा नव्हता तो आवाज" म्हणत असेल, तर ते लिहून ठेवा.