हुंडणावळ कुणाच्या खिशातून? जळगावच्या कापसापासून कार्डाच्या मशीनपर्यंत

मागच्या महिन्यात धुळ्याला आग्रा रोडवर एका दुकानात कापड घेतलं. कार्ड पुढे केलं तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, कार्डावर दोन टक्के जास्त लागतील. रोख द्या ना." आपण अशा वेळी दुकानदारावर चिडतो. पण संशोधन करायचं असेल तर आधी विचारा: हे दोन टक्के नेमके जातात कुठे?

थोडं मागे जाऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि खानदेशच्या कापसाला एकदम भाव आला. रेल्वेमुळे जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. मुंबईच्या पेढीचा माणूस इथे खरेदीला यायचा. त्याला रोख रुपये इथे हवे असायचे आणि पैसा मुंबईत. मग तो आपल्या पेढीवर हुंडी लिहून इथल्या सराफाला विकायचा. सराफ त्याला रुपये द्यायचा. तीच हुंडी पुढे मुंबईहून माल आणणारा कापडवाला विकत घ्यायचा आणि तिथलं देणं भागवायचा. चांदीच्या थैल्या दर वेळी इकडून तिकडे न्यायची गरज कमी व्हायची.

या कामाचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. ती कायम एकाच बाजूने नसे. कापसाच्या हंगामात रोकड इथे हवी, म्हणून मुंबईवरची हुंडी कमी दराने विकावी लागे. हंगाम सरला की मुंबईला पैसे पाठवणाऱ्यांची गर्दी, मग तीच हुंडी महाग. सराफ दोन्ही वेळा मध्ये उभा!

आता कार्ड बघा. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणलं, भारतीय बँकेचं ते पहिलं मानलं जातं. समजा तुम्ही १०,००० रुपयांची खरेदी केली आणि दर २ टक्के आहे. दुकानदाराच्या खात्यात ९,८०० जमा होतात. उरलेले २०० तिघांत वाटले जातात: तुम्हाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला मशीन देणारी बँक आणि दोघींना जोडणारं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांचं जाळं. मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचा, कारण उधारीची जोखीम तिची.

दुकानदार हे २०० शेवटी किमतीत धरतो. म्हणजे रोख देणारी बाईसुद्धा ते थोडे थोडे भरते, आणि रिवॉर्ड पॉइंट मिळतात कार्डवाल्याला. आता जो पूर्ण बिल वेळेवर भरत नाही, त्याचं बघा. महिना साडेतीन टक्के व्याज ऐकायला लहान वाटतं, पण वर्षाचे सरळ ४२ टक्के होतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

दर ठरवण्यात सरकारही असतं. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क शून्य आहे. क्रेडिट कार्डाला असा सरसकट नियम नाही. म्हणून तो दुकानदार क्यूआर कोड आनंदाने पुढे करतो आणि क्रेडिट कार्ड बघून तोंड वाकडं करतो.

पण हुंडी म्हणजे जुनं क्रेडिट कार्ड, असं प्रबंधात लिहू नका. हुंडी पेढीच्या नावावर, ओळखीच्या पतीवर चालायची. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टनेसुद्धा हुंडीच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही, म्हणून नुसता कायदा वाचून तिचा व्यवहार कळत नाही. कार्डात दुकानदार तुम्हाला ओळखत नाही, तो बँकेला ओळखतो. साम्य एवढंच की मध्यस्थाचा मोबदला मधेच कापला जातो आणि खरेदीदाराच्या पावतीवर दिसत नाही.

तर करायचं काय? १८८० च्या खानदेश गॅझेटिअरपासून सुरुवात करा. पण ते सरकारी नजरेने लिहिलंय, हे विसरू नका. व्यापाऱ्यांच्या वह्या बघायच्या तर मोडी आणि महाजनी लिपी शिकावी लागेल. आजचा भाग घेणार असाल तर एका दुकानाची महिन्याची सेटलमेंट शीट मागा, रोख, यूपीआय आणि कार्ड वेगळं करा, आणि कुठे किती कापलं ते मांडा. "कार्डाचा फायदा कुणाला?" हा प्रश्न फार मोठा आहे. "कापलेली रक्कम कुणाच्या वहीत खर्च म्हणून दिसते?" एवढ्यापासून सुरू करा.