‘वॅक्सन’ आणि ‘मेण’ : एका विशेषणाचा अर्थेतिहास

प्रस्तावना :
इंग्रजी वाङ्मयात मृत अथवा आजारी व्यक्तीच्या चेहऱ्याला ‘वॅक्सन’ हे विशेषण लावलेले आढळते. त्याचे ‘मेणासारखा’ हे भाषांतर शब्दशः बरोबर आहे. तथापि मराठी वाचकाच्या मनात त्यामुळे फिकटपणा नव्हे, तर मऊपणा उभा राहतो. या तफावतीचे मूळ मेणाच्या वापराच्या इतिहासात शोधावे लागते.

व्युत्पत्ती :
‘वॅक्सन’ हे रूप ‘वॅक्स’ या जुन्या जर्मानिक नामाला ‘एन’ हा प्रत्यय लागून झाले आहे. ‘वुडन’, ‘गोल्डन’ या विशेषणांतही हाच प्रत्यय दिसतो. ‘वॅक्सन’चा मूळ अर्थ ‘मेणाचा बनविलेला’ असा होता. ‘मेणाप्रमाणे फिकट’ हा लाक्षणिक अर्थ मागाहून रूढ झाला. चंद्राची कला वाढणे या अर्थाचे ‘वॅक्स’ हे क्रियापद मात्र निराळ्या धातूचे आहे. ‘सेरेशस’ हा शास्त्रीय पर्याय लॅटिन ‘सेरा’ या शब्दावरून आला.

मराठी ‘मेण’ संस्कृत ‘मदन’, प्राकृत ‘मयण’ या मार्गाने आले. पालखीवाचक ‘मेणा’ हा शब्द फारसी असून त्याचा मेणाशी संबंध नाही. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले, असेही म्हणतात.

वापर आणि अर्थ :
युरोपात चर्चमधील मेणबत्त्या, अंत्यविधीतील मेणाच्या प्रतिमा आणि १८३५ पासून लंडनमध्ये स्थिरावलेले मादाम तुसाँ यांचे मेणपुतळ्यांचे प्रदर्शन यांमुळे मेणाचा निर्जीव, फिकट पृष्ठभाग लोकांच्या परिचयाचा झाला. महाराष्ट्रात देवापुढे तेला-तुपाचा दिवा लागत असे. त्यामुळे मेणाचा परिचय झाला तो उष्णतेने मऊ होणारा पदार्थ म्हणून. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाचा साचा वितळवून धातूची मूर्ती ओतण्याची कृती वर्णिली आहे. तुकारामांच्या अभंगातही मेण हे मृदुतेचेच उपमान आहे. ‘मेणचट’ या विशेषणातही चिकट-चिवट स्पर्शच व्यक्त होतो.

बुलडाण्याचा संदर्भ :
बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याचे जंगल आहे. येथे मेणाचा विचार मोहोळापासून सुरू होतो. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातही कणसे भाजताना धुराने मोहोळ उठल्याचा प्रसंग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत मधासोबत मेणाचाही स्पष्ट उल्लेख केला. दुसरीकडे, आज बाजारात मिळणारी मेणबत्ती बहुधा खनिज तेलापासून काढलेल्या पॅराफिनची असते. मधमाशीशी असलेला तिचा संबंध केवळ नावापुरता उरला आहे.

निष्कर्ष :
१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढे इंग्रजी ही येथील उच्च शिक्षणाची भाषा झाली. तेव्हापासून असे शब्द कोशातील प्रतिशब्दांच्या आधारे शिकविले जात आहेत. परंतु कोश वस्तूचे नाव देतो. त्या वस्तूशी निगडित अनुभव देत नाही. मृत चेहऱ्याच्या वर्णनात ‘वॅक्सन’साठी ‘पांढराफटक’ अथवा ‘निस्तेज’ हे शब्द अधिक प्रामाणिक ठरतात. ‘मेणासारखा’ हा शब्द मराठीने कोमलतेसाठी राखून ठेवला आहे, याचे भान अध्यापनात ठेवणे अगत्याचे आहे.