करडी (नामसाम्य व अनेकार्थता)

करडी : महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यामधील एक गाव. याच लेखनरूपाने मराठीत एक तेलबी पीक, राखाडी रंग व कठोरपणा यांचाही बोध होतो. परस्परांपासून दूर असलेले अर्थ एका शब्दरूपात एकत्र येण्याचे हे उदाहरण असून स्थलनामांचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना कोणती दक्षता आवश्यक असते, हे त्यावरून स्पष्ट होते.

करडी किंवा करडई हे काटेरी पानांचे रबी पीक होय (सं. कुसुंभ, हिं. कुसुम). तिच्या बियांपासून तेल काढतात. पाकळ्यांतील पिवळे द्रव्य पाण्याने धुऊन काढल्यावर उरणारा तांबडा रंग क्षारांच्या साहाय्याने वेगळा करून पूर्वी वस्त्रे रंगविण्यासाठी वापरीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंगांच्या प्रसारामुळे हा उपयोग मागे पडला. ‘करडा’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूपही ‘करडी’ असेच होते. ‘करडी घोडी’ यात ते रंगवाचक, तर ‘करडी नजर’ यात कठोरतावाचक आहे. कन्नड भाषेत मात्र ‘करडी’ म्हणजे अस्वल.

अशा शब्दांची दखल भारतीय कोशकारांनी फार पूर्वी घेतली होती. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात अनेकार्थी शब्द अंत्य व्यंजनांच्या क्रमाने दिलेले आहेत. अनेकार्थतेचे दोन प्रकार संभवतात : मूळ एकच असून अर्थविस्तार झालेला असणे आणि मूळ शब्द भिन्न असून ध्वनिपरिवर्तनाने त्यांची रूपे एक होणे. संस्कृत ‘नामन्‌’ व ‘नौ’ यांपासून आलेला मराठी ‘नाव’ हा शब्द दुसऱ्या प्रकारातील होय.

स्थलनामांच्या बाबतीत हा भेद ओळखणे अधिक कठीण असते. भंडारा हे जिल्ह्याचे नावच याची साक्ष देते. ‘भंडारा’ म्हणजे खंडोबाला वाहिली जाणारी हळद, तसेच अन्नसंतर्पण. शिवाय संत तुकारामांच्या चिंतनाशी निगडित असलेला देहूजवळचा डोंगरही याच नावाने ओळखला जातो. तथापि रतनपूर येथील कलचुरी नृपती पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात ‘भाणार’ असा प्रदेशनिर्देश असून तो भंडाऱ्याचा असल्याचे मानले जाते. हे मत स्वीकारल्यास आजच्या अर्थांवरून नगरनामाची उपपत्ती लावणे अग्राह्य ठरते. करडीच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. भंडारा हा प्रामुख्याने तलावांचा व भाताचा जिल्हा होय. करडईची प्रमुख क्षेत्रे सोलापूर व मराठवाडा या कोरडवाहू भागांत आहेत. त्यामुळे केवळ ध्वनिसाम्यावरून हे पिकावरून पडलेले गावाचे नाव आहे, असे ठरविता येत नाही.

लिपिबदलामुळे या अडचणीत भर पडली. भोसल्यांच्या राजवटीतील मोडी कागदपत्रांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसे. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजी अंमलात रोमन लेखन रूढ झाले. त्यात स्वरचिन्हे गाळल्यास ‘करडी’ आणि ‘कराडी’ ही नावे सारखीच लिहिली जातात. मिठाच्या सत्याग्रहात ४ मे १९३० च्या मध्यरात्रीनंतर महात्मा गांधींना जेथे अटक झाली, ते कराडी गाव गुजरातेत दांडीजवळ आहे. मूळ उच्चार व परिसर न तपासता रोमन सूचीवर विसंबल्यास एका गावाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढण्याचा धोका संभवतो.

नामसाम्य टाळण्यासाठी लोकव्यवहाराने स्वतःचे उपाय योजले. बुद्रुक (फार्सी ‘बुजुर्ग’, मोठे) व खुर्द (लहान) ही विशेषणे महाराष्ट्रभर आढळतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगाव या नावांत रस्ता आणि शेजारचे गाव यांचा आधार घेतलेला दिसतो. टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू केला, त्यामागेही सारखी गावनावे व भिन्न लिप्यांतील पत्ते यांमुळे होणारा घोटाळा हे एक कारण होते. या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नाटककार होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पिनकोडामुळे पत्र योग्य स्थळी पोहोचते. नावाचे मूळ मात्र त्याने उलगडत नाही. त्यासाठी जुने लेख व महसुली कागदपत्रे यांतील रूपे कालक्रमाने लावून ती स्थानिक उच्चार, भूरचना व शेजारच्या बोली यांच्याशी ताडून पाहावी लागतात. वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांचा ऐतिहासिक साधन म्हणून पुरस्कार केला. परंतु या साधनाची विश्वसनीयता अशा पडताळणीवरच अवलंबून असते. जुन्या गावकऱ्यांच्या तोंडचा उच्चार हा या पुराव्याचा सर्वांत नाशवंत भाग असून तो वेळीच नोंदविणे अगत्याचे आहे.